दगडाने धरलेलं कापड

शीलाचं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं. आता तुरीला फुलं आली, तरी आज सकाळपर्यंत मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचंच होतं.

"काका, फोनवर बोललं की घरातले सगळे ऐकतात, म्हणून लिहिते. सासूबाई म्हणतात, दगडाने कापड धरलं, म्हणजे हे जिवंत आहेत. माझे भाऊ म्हणतात, पोलिसांचं ऐक. तुम्ही एवढी पुस्तकं वाचली. मी वाट पाहू का नको, एवढंच सांगा."

शीला आमच्या मेडशीजवळच्या तांड्यावरची सून. लग्न होऊन आली तेव्हापासून वाचनालयात यायची, पुस्तक पदराखाली झाकून न्यायची. आता ती केनवडला माहेरी आहे. तिचा नवरा बादल दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला, तो परतला नाही. मुकादम म्हणाला, पळून गेला. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली, आणि काही महिन्यांनी तिकडच्या पोलिसांचा फोन आला. कालव्यात एक देह सापडला होता. ओळख पटेना म्हणून पुरला, पण तपासणीसाठी नमुना ठेवला आहे. आईने रक्त दिलं तर जुळवून पाहता येईल. अंगावरच्या कपड्यांचा फोटोही त्यांनी बादलचा चुलता हेमसिंग याच्या मोबाइलवर पाठवला.

बादलची आई हिरीबाई रक्त द्यायला तयार नव्हती, आणि फोटो तर तिने पाहिलाच नाही. "जित्या पोराच्या नावानं मढ्यासाठी रगत देऊ? मी माय हाये का वैरीण?" असं ती म्हणायची. दगडाने तिला सांगितलं होतं ना!

मी मेडशीच्या वाचनालयात उभं आयुष्य पुस्तकं दिली आणि घेतली. लोकांना वाटतं, याला सगळं माहीत असणार. माझा दगडावर विश्वास नव्हता हे खरं. पण नुसता अविश्वास हे काही उत्तर नव्हे. कापड दगडाला चिकटताना मीही या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दर अमावास्येला नाल्यापलीकडच्या पडीक जागेत गर्दी उसळायची. लोक एसटीने, ऑटोने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येत. आपल्या भागातली माणसं उसाला जातात, वीटभट्टीवर जातात, सुरतेला जातात, आणि काही परत येत नाहीत. अशा घरांतली मंडळी इथे यायची. इथला दगड एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचा: माणूस आहे की गेला?

दगड पुरुषभर उंच, काळा, घासून गुळगुळीत केलेला. मागे कनात. कनातीतून ऊद-लोबानचे लोट येत. समोर गादीवर वस्त्रसिद्ध महाराज. गाव कुठलं, गुरू कोण, हे विचारायचं नाही.

"जित्या मानसाचा श्वास त्याच्या कपड्याच्या धाग्यात राहतो!" महाराज माइकवर गर्जत. "मानूस गेला की धागा मोकळा. इज्ञानवाले याले व्हायब्रेशन म्हणतात. परदेशातले शास्त्रज्ञ आले, यंत्र लावलं, यंत्र जळलं, हात जोडून वापस गेले!"

"कोनत्या देशातले, महाराज?" मागून कोणा पोरसवदा मुलाने विचारलं.

"जिथं तुह्या बापाले व्हिसा भेटत नाई तिथले!" गर्दी खो खो हसली, आणि प्रश्न हसण्यात वाहून गेला.

रीत अशी होती. हरवलेल्या माणसाच्या कपड्याची पट्टी कापून आणायची. महाराज ती धूप द्यायला कनातीत नेत. बाहेर येऊन पट्टी तळहातावर ठेवून लांबलचक मंत्र म्हणत. मग ती दगडाला लावत. कधी पट्टी गळून पडे आणि एखादी बाई जमिनीवर कोसळे. कधी दगड ती घट्ट धरून ठेवी, ओढली तरी सोडत नसे, आणि जयजयकार होई. कोणीही पुढे होऊन दगडाला हात लावावा, अशी महाराजांची सूट होती. लोक लावत. बोटाला काही लागत नसे. मीही लावून पाहिला होता. मनाई फक्त हळद, कुंकू आणि तेलाची होती. "या देवाले शृंगार चालत नाई," महाराज सांगत.

हिरीबाईची पट्टी दर वेळी चिकटायची. दर वेळी ती तुरीची पायली, नारळ, साडी ठेवून यायची, आणि पुढच्या वेळेसाठी बादलच्या शर्टाची आणखी एक पट्टी कापायची. एक बाही संपली, दुसरी संपली.

दिवाळीनंतर एके दिवशी ती वाचनालयात आली. हातात बादलच्या चौकटीच्या शर्टाची पट्टी, महाराजांनी दगडावरून सावकाश सोलून प्रसाद म्हणून दिलेली.

"काका, याले पलास्टिकात घालून द्या. पुस्तकाले घालता तसं. माह्या पोराचा श्वास हाये याच्यात, उडून जाईन."

मी पट्टी हातात घेतली आणि सहज उलटी केली. मागच्या बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, पिवळसर धागे पसरले होते. मी ते जाळं ओळखत होतो. ते रोज माझ्या टेबलावर पडतं.

फाटक्या पुस्तकांना मी घरीच पुठ्ठे बांधतो. खळ लावली की कापडाला सुरकुत्या येतात, वाळवीही लागते. म्हणून अकोल्याहून फवाऱ्याच्या गोंदाचा डबा आणतो. गाड्यांचे सीट कव्हर आणि सोफे बनवणारेही तोच वापरतात. त्याची एक खुबी आहे. तो दोन्ही पृष्ठभागांवर मारायचा, पुठ्ठ्यावर आणि कापडावरही. मग लगेच चिकटवायचं नाही. थांबायचं. गोंद वरवर सुकतो, बोट लावलं तर बोटाला येत नाही. घाई केली तर जोड कच्चा राहतो. पण सुकू दिला आणि मग दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या, की गोंद गोंदाला धरतो, आणि टोकापासून सावकाश सोलल्याशिवाय कापड सुटत नाही.

मी पट्टी तशीच प्लास्टिकात घालून हिरीबाईला दिली. मला भीती वाटत होती की मी चुकत असेन. आणि त्याहून जास्त भीती ही, की मी बरोबर असेन.

ती गेल्यावर मी अंगणातल्या काळ्या पाटीच्या दगडावर गोंद मारला, एका चिंधीवर मारला, आणि थांबलो. महाराज मंत्र म्हणतात तेवढा वेळ थांबलो. बोट लावलं, बोट कोरडं. चिंधी लावली, दगडाने धरली. दुसरी, साधी चिंधी लावली, ती गळून पडली. मग दगडाच्या कडेला हळद भुरभुरली आणि तिथे गोंदवाली चिंधी लावून पाहिली. तीही गळली. हळदीची पूड गोंदावर बसली की गोंदाला गोंद भेटतच नाही. दगडावर गोंद आधीच मारलेला असायचा, आणि जी पट्टी चिकटवायची तिच्यावर कनातीत; त्या देवाला शृंगार का चालत नव्हता, ते मला कळलं.

पण हे चारशे लोकांपुढे सांगणार कोण? मला चार माणसांत बोलताना घाम फुटतो. आणि नुसतं सांगून ऐकणार कोण? कपाट उघडलं. वरच्या खणात माझ्या बायकोचं, जिजाबाईचं, अंजिरी लुगडं होतं. तिला जाऊन पाच वर्षं झाली. मी त्याला कात्री लावली. कात्री लावताना काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

अमावास्येला निघण्यापूर्वी मी घरीच त्या पट्टीवर गोंद मारला आणि ती झाकण न लावलेल्या जेवणाच्या डब्यात ठेवून नाल्यापलीकडे गेलो. हिरीबाई पुढेच बसली होती. चहावाला राजपाल, महाराजांचा मोठा भक्त, रांग लावत होता.

"अरे, उकंडराव आले! काका, तुमचं कोन हरवलं?"

"माझ्याकडे एक कापड आहे," मी म्हणालो.

"आना, धूप देतो," महाराज हात पुढे करून म्हणाले.

"धूप नको. मी स्वतःच लावतो."

"धुपाशिवाय देव बोलत नाई!"

"न बोलू द्या. मग पट्टी पडेल, आणि तुमचंच खरं होईल."

गर्दीतून कोणी म्हणालं, "लावू द्या ना महाराज, म्हातारं मानूस हाये." महाराजांनी हात मागे घेतला. मी पट्टी दगडावर ठेवली आणि तळहाताने दाबली. हात काढला.

दगडाने ती धरली.

राजपालने आधी टाळी वाजवली. जयजयकार झाला. महाराजांचा चेहरा मात्र पांढरा पडला. राजपालने जवळ येऊन विचारलं, "काका, कोनाचं कापड होय हे?"

"जिजाबाईचं."

राजपाल माझ्याकडे बघतच राहिला. "काकूचं? काका, काकू तं गेल्या. म्या खांदा देल्ला त्याहिले."

"हो. पण दगड म्हणतो, आहे."

खोटं कशाला सांगू? मी स्वतः गोंद मारला होता, सगळं जाणत होतो. तरी ते अंजिरी कापड काळ्या दगडावर हललं आणि पडलं नाही, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं की मागे वळलो तर ती उभी असेल. डोक्यावर पदर, हातात चहाचा कप. तेव्हा मला हिरीबाई कळली. इतक्या पुस्तकांतून जी कळली नव्हती, ती कळली.

मग मी पिशवीतून गोंदाचा डबा काढला आणि सगळं सांगितलं. चाचरत सांगितलं, मध्येच शब्द विसरलो, पण सांगितलं. एका बाईकडून साधी, गोंद नसलेली चिंधी लावून घेतली, ती पडली. राजपाल कनातीत घुसला आणि माझ्या डब्यासारखेच गोंदाचे डबे हातात घेऊन बाहेर आला. "च्यायला! म्या याले रोज फुकट चहा पाजला!" एवढंच तो बोलला. महाराज मोटरसायकलवर बसले आणि गर्दीच्या शिव्या खात निघून गेले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार आम्ही त्याच दिवशी दिली. तो सापडेपर्यंत आणखी कुठे दगड उभा करेल, सांगता येत नाही.

मी विजयी झालो असं कोणाला वाटलं असेल. मला नाही वाटलं. हिरीबाई जागची हलली नव्हती. प्लास्टिकातली पट्टी तिने मुठीत आवळून धरली होती.

"मंग माहा बादल?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही, हिरीबाई. पण या दगडालाही माहीत नव्हतं."

"काहून सांगितलं, काका? काय बिघडलं होतं तुमचं?" ती ओरडली नाही, हळूच बोलली. "तुमची काकू गेली हे तुमाले ठाऊक तरी हाये. तुमी रडून मोकळे झाले. मले कोन रडू देईन?"

मी डबा पिशवीत ठेवला. मग तिनेच हेमसिंगला हाक मारली. "भाऊजी, तो फोटो दाखव."

हेमसिंगने मोबाइल पुढे केला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. फोटोत चिखलाने माखलेली पँट होती, आणि गुडघ्यावर एक ठिगळ. तिने पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली फोटो मोठा झाला, तशी ती दचकली.

"हिरवा दोरा," ती म्हणाली. "काळा संपला होता म्हून हिरवा घेतला म्या. तो म्हने, याडी, माये, लोक हसतीन. म्या म्हनलं, उसात कोन पायते रे तुह्या गुडघ्याले."

आणि मग ती रडली. दोन वर्षांचं रडली. तांड्यावरच्या बाया तिच्याभोवती बसल्या आणि त्यांनी तिला रडू दिलं.

तिसऱ्या दिवशी ती हेमसिंगबरोबर वाशिमला सरकारी दवाखान्यात गेली आणि रक्त देऊन आली. अहवाल अजून आलेला नाही. हेमसिंगने केनवडला फोन करून झालेलं कळवलं. पण शीलाने प्रश्न मला विचारला होता. आज सकाळी टेबलाशी बसलो, तीन कागद फाडले, आणि चौथ्यावर लिहिलं:

"चि. शीला, पोरी, उशीर झाला. दगडाने कापड धरलं नव्हतं, गोंदाने धरलं होतं. तो कसा लावतात ते खाली सविस्तर लिहिलं आहे. विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून पाहा. तू विचारलंस, वाट पाहू का? ते मी ठरवू शकत नाही. पण वाट पाहायचीच असेल तर अहवालाची पाहा, कोणा महाराजाच्या शब्दाची नको. अहवालात जे येईल ते सोसणं कठीण जाईल. हिरव्या दोऱ्याचं तुला कळलंच असेल. खोट्या आशेवर माणूस जगतं असं लोक म्हणतात. मी पाहिलं, त्या आशेने हिरीबाईला दोन वर्षं रडूसुद्धा दिलं नाही. जो कोणी तुला चमत्कार दाखवेल त्याला विचार: कसं केलं? पुन्हा करून दाखव. माझ्या हाताने करू दे. एवढं विचारायला फार शिक्षण लागत नाही. धीर लागतो, आणि तो तुझ्यात माझ्याहून जास्त आहे. अहवाल आला की सासूबाईंकडे ये. त्या एकट्या आहेत. वाचनालय उघडंच असतं. तुझा काका, उकंडराव."

पाकिटावर केनवडचा पत्ता घातला, पोस्टात गेलो, तिकीट लावलं आणि पत्र पेटीत टाकलं.