तिसऱ्या भोंग्यानंतर

"आप्पा, चावी दे अन बाजूले सरक," गोपाल म्हणाला आणि हातातला डिझेलचा कॅन त्याने धपकन टेबलावर ठेवला. चुडामणचा चहा सांडला.

चुडामणने आधी पंच्याने चहा पुसला, मग चावी दिली. बंधाऱ्याच्या यंत्रखोलीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस. घाईने काही करायचं नाही, ही त्याची एकमेव विद्या. पाच जण पुलावरून येताना त्याला खिडकीतून दिसले होते. तोंडाला रुमाल बांधलेले. पण चालीवरून माणूस ओळखू येऊ नये एवढं काही त्यांचं गाव मोठं नव्हतं. पुढचा लंगडत होता, म्हणजे पितांबर. तो आणि चुडामण चौथीपर्यंत एका बाकावर. ते खोलीशी पोचायच्या आत चुडामणने बंधाऱ्याच्या दारांच्या मोटारींचा फ्यूज उपसला होता आणि शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या डबीखाली टाकून दिला होता.

भांडण सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तापीवरच्या या बंधाऱ्यात यंदापासून एक मीटर जास्त पाणी अडवायचा आदेश निघाला होता. एक मीटर म्हणजे कागदावर बोटभर रेघ. गावाची मात्र काठची सगळी काळी जमीन, केळीसकट. अर्ज झाले, मोर्चे झाले, उपोषण झालं. मग पितांबरने 'काठ सेना' काढली. सकाळी चावी हाती येताच गोपालने मोबाइलवर धमकी बोलून थेट खात्याच्या साहेबांना पाठवली: एक वाजेपर्यंत आदेश रद्द करा, नाहीतर चोवीसच्या चोवीस दारं एकदम उघडतो. आणि खाली नदीपात्रातल्या एकाही माणसाला हलवलंत, तर एक वाजायचीही वाट बघणार नाही.

पात्रात टरबुजाचे मळे होते. पाणी आटलं की चाळीसेक कुटुंबं वाळूत झोपड्या घालून राहत, बायकापोरांसकट. सगळी दारं एकदम उघडली तर पाणी त्यांच्या डोक्यावरून जाणार होतं.

पोलीस आले, ते पुलाच्या दोन्ही टोकांना उभे राहिले. नुसतेच उभे.

"पितांबर, रुमाल काढ. उकडी ऱ्हायनं व्हई," चुडामण म्हणाला.

पितांबरने रुमाल काढला, त्यानेच तोंड पुसलं. "तुन्हीबी तीन बिघा जाई ऱ्हायनी ना रे? मंग तू कोना बाजूना?"

"मी ड्यूटीवर शे."

"ड्यूटी! जमीन बुडी जाई तवय काय ड्यूटी पेरशी का?"

बाकीचे हसले. म्हणणं खरंच होतं. त्याचं तीन बिघ्यांचं रान बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, अगदी लागून. मागच्या खिडकीतून त्याच्या बांधावरचं निंबाचं झाड दिसायचं. डबा खाताना तो तिकडेच तोंड करून बसायचा.

साडेबाराला फोन आला. "वर विचारून सांगतो," साहेब म्हणाले. एक वाजून पाच मिनिटांनी पुन्हा आला. "अजून एक तास द्या."

पितांबरने फोन उपडा घातला. "गोपाल, दाब."

गोपालने बटण दाबलं. टक्क. दुसरं दाबलं. टक्क. चोवीस दारं जागच्या जागी.

"आप्पा, हाई काय व्हई ऱ्हायनं?"

चुडामणला आयुष्यात धड खोटं बोलता आलं नव्हतं. तंबाखू सोडली असं तो घरी सांगायचा, तेव्हा बायको, छबूबाई, नुसती त्याच्या खिशाकडे बघायची. पण आता तो अगदी सरळ तोंडाने म्हणाला, "भोंगा वाजाडा का तुम्ही? भोंगाबिगर मोटार उचलस नही. वायरिंगच तशी शे. तीन भोंगा, पाच पाच मिनिटनी. मंग बटन."

दुसरा कोणी असता तर हसला असता. पण हे पाचही जण याच काठावरचे. गोपाल तर बंधाऱ्याच्याच वयाचा. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, तिसरा भोंगा, मग दार. भोंग्याशिवाय दार हललेलं त्यांच्यातल्या एकानेही कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते पटलं.

"भोंगा वाजना म्हंजे त्या बठ्ठा पयी जातीन!" पितांबर पात्रातल्या माणसांकडे बोट दाखवत ओरडला.

"पयतीन. पन मोटार चालू व्हई. नही ते बठ संध्याकाळलगून टक टक करत."

पितांबरने घड्याळाकडे पाहिलं, उपड्या फोनकडे पाहिलं. "वाजाड."

पहिला भोंगा वाजला. पात्रातली माणसं उभी राहिली. दुसऱ्याला पोरं, शेळ्या, हंडे काठाकडे निघाले. नियम एवढाच होता: तीन भोंगे, मग दार. पण चुडामणचा एक जादा नियम होता, जो कुठल्या कागदावर नव्हता. पात्रातली रमिलाबाई सगळे वर चढले याची खात्री करायची आणि बांबूला लाल लुगडं बांधून डावीउजवीकडे हलवायची. ते दिसल्याशिवाय त्याने कधी दार उचललं नव्हतं. दोघांचं बोलणं म्हणाल तर उभ्या जन्मात दोनदा झालं असेल. दरवर्षी पुलाच्या पहिल्या पायरीवर एक टरबूज ठेवलेलं असायचं, एवढंच.

तिसरा भोंगा झाला. लुगडं दिसेना.

"झाया ना तीन? दाबू का?" गोपालने विचारलं.

"थांब."

"आते कसाले?"

"थांब सांगस ना!" चुडामण ओरडला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच ओरडला असावा, कारण खिडकीच्या गजावरची कबुतरं उडाली.

मग लांब काठावर लाल ठिपका वर आला. डावीकडे, उजवीकडे.

चुडामणने खिशातून तंबाखूची डबी काढली, तिच्यामागून फ्यूज काढला आणि पेटीत बसवला. लाल दिवा लागला.

"हं," तो म्हणाला, "आते दाब."

गोपाल फ्यूजकडे बघत राहिला. पितांबरला आधी कळलं. "फसाडं तू आम्हले, चुडामण." त्याने हात उगारला. सगळ्यांना वाटलं, मारतो. पण हात बटणावर गेला आणि बोट तिथेच टेकून राहिलं. समोरच्या खिडकीत रिकामं पात्र होतं. झोपड्यांना माणूस नव्हतं. वेल मात्र काठापर्यंत हिरवेगार पसरले होते आणि त्यांत तोडणीला आलेली गोल, काळपट फळं पडलेली होती. पितांबर सेनेचा म्होरक्या झाला त्याला चार महिने झाले होते. शेतकरी तो जन्माचा होता.

"तोडावर येल शेतस," तो हळूच म्हणाला.

त्याने बोट काढलं, डिझेलचा कॅन जमिनीवर घेतला आणि त्याच्यावरच बसला. पोलीस आत आले तेव्हाही तो तसाच बसलेला होता.

खात्याने चुडामणला शाल दिली. गावाने बोलणं टाकलं. पितांबरची बायको जसोदाबाई एकदाच नळावर छबूबाईला म्हणाली, "तुन्हा मानूस मोठा साहेब व्हई गया वं बाई," आणि हंडा अर्धाच भरून निघून गेली. वैशाखात भावकीतली दोन लग्नं झाली, आमंत्रण आलं नाही. छबूबाईने घरात चकार शब्द काढला नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत राहिली, आणि जून लागताच नेहमीसारखी तीन बिघ्यांत कपाशी लावली.

आदेश काही रद्द झाला नाही. आश्विनात फोन आला: दारं खाली घ्या, नव्या पातळीपर्यंत भरा.

भरताना भोंगा वाजवायचा नियम नाही. पाणी सावकाश, तीन दिवस चढत राहतं. चुडामणने तरी भोंगा वाजवला. पाच मिनिटांनी दुसरा. साहेबांचा फोन आला, "भोंगा कशाला हो?"

"सवय, साहेब."

तिसरा वाजवून तो मागच्या खिडकीशी गेला. कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. रानात अर्धी बोंडं फुटली होती, ती वेचून झालेली दिसत होती. निंबाखाली, बांधावर कोणीतरी उभं होतं. हातात लांब काठी, तिला हिरवं लुगडं बांधलेलं. छबूबाईने ते डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. मग लुगडं सोडलं, घडी घालून खांद्यावर टाकलं आणि मागे न बघता गावाची वाट धरली.

ती चढ चढून वर जाईपर्यंत चुडामण थांबला. मग त्याने बटण दाबलं.