शकुनाची साखर

बिजलीबाईंच्या पत्राला बापूजींनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र दिवाळीत आलं होतं. आता बोरी अरबच्या त्यांच्या ओसरीवर थंडीचं कोवळं ऊन उतरू लागलं, तरी ते पुस्तकात खूण होऊन पडलं होतं.

आर्णीजवळच्या तांड्यावर बिजलीबाईंचा महिला गट रानातल्या सीताफळांचा गर काढून गोठवायचा. त्यांचा माल संक्रांतीनंतर पहिल्यांदाच परदेशी निघणार होता. बापूजींची सारी नोकरी नागपूरच्या कस्टम कार्यालयात गेली, हे त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी एसटीत शेजारी बसलेल्या बिजलीबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. म्हणून हे पत्र.

"व्यापारी म्हणते, कागदावर 'साखर न घातलेलं' लिहा. आमी साखर घालतच नाही. फक्त दर पातेल्यात शकुनाची एक मूठ टाकतो. थे मोजतेत का?"

बापूजींना उत्तर ठाऊक होतं. कस्टमच्या यादीत गोठवलेल्या फळांचा वर्ग एकच, पण त्यात साखर घातलेल्या मालाची ओळ वेगळी आणि न घातलेल्याची वेगळी. पण नियम बदलला असेल तर? आपलंच चुकलं तर?

कोरा कागद समोर ठेवून ते डोळे मिटत. मग गराचे पांढरे ठोकळे ढगांसारखे तरंगत जात. प्रत्येकात टेकडीवरचं थोडं धुकं गोठलेलं असे. दूरच्या बंदरावर कुणी अनोळखी माणूस डबा उघडून विचारी, "यात काय आहे?" आणि बापूजी दचकून डोळे उघडत, समोरचा कागद फाडून टाकत.

"काहून कागद फाडून राह्यले जी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"माझं चुकलं तर, वच्छला?"

"आन गप्प राह्यलं का बरोबर होते? माल पकडला तं नाव थ्या बायांचं जाईन. तुमचं तं कोनी घेनार बी नाही!"

"मी आता म्हातारा..."

"जनमभर दुसऱ्याच्या डब्यात काय हाय, थे इचारलं. आता कोनी तुमाले इचारलं, तं झाकन घट्ट!"

बापूजी हसले. मग ते हसू हळूहळू विरलं. खरंच की! डब्यावर खोटं लिहिणारा आणि ठाऊक असून न सांगणारा, दोघांत फरक तो केवढा?

त्यांनी लिहिलं: "बिजलीबाई, रामराम. मूठभर साखरही साखरच. तयार डब्यांच्या कागदावर 'साखर घातलेलं' असंच लिहा. माझं चुकतही असेल, म्हणून सही करण्याआधी कस्टम कार्यालयात विचारून घ्या. पण शकुन सोडू नका. पुढच्या वेळी ती साखर पातेल्यात न टाकता एकमेकींच्या हातावर ठेवा."

वाचकहो, आपल्यालाही काहीतरी ठाऊक असतं आणि आपण संकोचानं गप्प राहतो. त्याचा भुर्दंड मात्र दुसऱ्याला पडतो. शंका असेल तर शंकेसकट सांगावं, पण सांगावं!

निघताना वच्छलाबाईंनी त्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. पोस्टाच्या लाल पेटीपाशी बापूजींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ती साखर तोंडात टाकली आणि पत्र पेटीत सोडलं.