बिनवाट्याचा हात

यशवंतआबांना जाऊन सव्वा महिना झाला आणि त्यांच्या केळीच्या मळ्याची वाटणी परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. जानेवारीतला रविवार, दुपारचे दोन, बाहेर नेहमीची भुरभुर. थोरला शिरीष इथलाच, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बहीण रेवती त्याच देशात, स्लायगोला डॉक्टर, ती सकाळीच गाडी घेऊन आली होती. धाकटा चैतन्य तिकडे गावाकडे, रावेरला राहत होता, म्हणून तो टॅबलेटवर, फळांच्या परडीला टेकवून बसवलेला. आई, शारदाबाई, जपमाळ ओढत कोपऱ्यातल्या खुर्चीत. आणि चहा करत होती लता.

लता कोण, असं कोणी विचारलंच तर घरात उत्तर तयार होतं: आईच्या नात्यातली. तीन वर्षांपूर्वी विमानतळावर सांगायला म्हणून तिला शारदाबाईंना 'आत्या' म्हणायला शिकवलं, तेच तोंडात बसलं. खरं नातं असं की लता आबांच्या मळ्यात जन्मली होती. तिच्या आजाने लग्नासाठी आबांच्या वडिलांकडून उचल घेतली होती. ती किती होती हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं; फिटली नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक. मळ्याच्या वस्तीवर अशी तीन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राबत होती आणि त्यांची आधार कार्डं आबांच्या कपाटात होती. त्यातला एक गडी एकदा सुरतेला पळाला. आबांनी त्याला जीपमध्ये घालून परत आणलं, आणि त्यानंतर त्या माणसाने उजव्या हाताने कधी घास घेतला नाही. गावात मात्र आबा देवमाणूस. देवळाची फरशी त्यांनीच घातली होती ना!

लता एकोणीस वर्षांची झाली आणि चैतन्य तिला पंपाच्या खोलीकडे हाका मारू लागला. तेव्हा तिच्या मायने शारदाबाईंचे पाय धरले. "हिला घेऊन जा, बाई. कुठंबी न्या, पण मळ्यावर नको." शारदाबाई तेव्हा शिरीषकडे निघाल्याच होत्या, आणि शिरीषच्या घरी कामाला माणूस हवंच होतं. दगडाखालचा हात निघाला तो असा, दुसऱ्या दगडाखाली जायला. लता इथे बॉयलरशेजारच्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, झोपायची. तिचा पासपोर्ट वरच्या कपाटात, ज्याला हे लोक प्रेस म्हणत, त्यात कुलपाआड होता. व्हिसा केव्हाच संपलेला. "एकटी बाहेर पडलीस की गार्डा पकडून नेतील हं," असं शिरीषच्या बायकोने, माधवीने, पहिल्याच आठवड्यात तिला मायेने समजावलं होतं. गार्डा म्हणजे इथले पोलीस. त्यांचं ठाणं पूर्वाच्या शाळेच्या वाटेवरच होतं. शिरीषच्या त्या लेकीला माधवीबरोबर शाळेत सोडायला जाताना लता त्या दारासमोरून मान खाली घालून जायची.

आज माधवी पूर्वाला घेऊन वाढदिवसाला गेली होती. जमीन वीस मिनिटांत वाटून झाली. भांडण नाही, तंटा नाही, शिकलेली माणसं. शिरीषला जळगावचा बंगला, रेवतीला हायवेलगतचा प्लॉट, चैतन्यला मळा.

"आणि वस्तीवरची माणसं?" शिरीषने विचारलं.

"ती मळ्याबरोबर," रेवती म्हणाली. "लॉजिकल आहे ना. ती काय इकडे आणणारेस?"

शिरीषने कागदावर लिहिलं: 'गडी कुटुंबे – तीन.' चहा घेऊन आलेल्या लताने त्या कागदाशेजारी कप ठेवले. त्या तिनात तिची माय होती. मायचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही.

मग गाडी अडली ती लतापाशीच.

"लतापण मळ्याचीच ना?" टॅबलेटमधून चैतन्य म्हणाला. "मग ती माझी. धाडून द्या. तिचं काय ते मी बघतो." आणि तो हसला. ते हसू लताच्या ओळखीचं होतं.

"ती आता जमिनीवर कुठे आहे?" रेवती म्हणाली. "आणि मला दोन जुळी आहेत, चैतू. इथे पाळणाघर, क्रेश म्हणजे काय खर्च असतो ते तुला काय कळणार! दादाने तीन वर्षं वापरली तिला, आता मी नेते."

"वापरली काय, घरच्यासारखी ठेवलीय," शिरीष दुखावल्यासारखा म्हणाला. "मजेत आहे. शी इज ग्रँड हिअर."

"ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे नाही चालायचं, दादा," चैतन्य म्हणाला.

अर्धा तास हेच चाललं. लता तिथेच उभी होती, आणि कोणी आवाजही खाली केला नाही. शेवटी शारदाबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली.

"आपल्या घरची रीत काय आहे? अडलं की कौल. तीन चिठ्ठ्या, एकीवर नाव, दोन कोऱ्या. कणकेच्या गोळ्यांत घालून देवापुढे ठेवायच्या. देव देईल ते घ्यायचं, पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि गोळ्या वळायला हात बिनवाट्याचा लागतो. तुमच्या आबांच्या वाटणीला सुपडाबाईनेच वळल्या होत्या." सुपडाबाई म्हणजे लताची माय.

शिरीषने पूर्वाच्या वहीचं पान फाडून तीन चिठ्ठ्या केल्या, घडी घातल्या आणि वाटीतून लताच्या हातात दिल्या. "उघडू नकोस हं."

"उघडून काय करणारे?" रेवती म्हणाली. "तिला वाचता कुठे येतं!"

लता वाटी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि परातीत पीठ घेऊन मळलं. वाचता येत होतं तिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती ती, मग आबांनी निंदणीला लावली. तीन वर्षं या घरात किराण्याची यादी तिला मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ती ऐकून घेत होती. विचारलंच नव्हतं कोणी.

तिने घड्या उघडल्या. दोन कोऱ्या. तिसरीवर शिरीषच्या सुबक अक्षरात: 'लता – एक.'

आधी तिच्या मनात आलं ते भलतंच. रेवतीताईच्या गोळीला नखाची खूण करावी आणि ती तिच्यासमोर येईल अशी ठेवावी. रेवतीताई मारत नाही. स्लायगो रावेरपासून लांब आहे. तिने ती गोळी वळून नख लावलंही. आणि तिथेच तिला स्वतःची अशी शिसारी आली की परात भिरकावून द्यावीशी वाटली. धनी निवडायला बसले मी! मायनेही अशाच गोळ्या वळल्या होत्या. माय सांगायची, "कणिक आपण मळतो, पोरी, अन् वाटे त्यांचे होतात." इतकं सांगूनही मायच्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. लताच्या आलं. तिने ती गोळी मोडली, एक कोरी चिठ्ठी मधोमध फाडून तिच्या दोन केल्या, नावाची चिठ्ठी झग्याच्या खिशात टाकली, आणि तीन गोळ्या वळून ताम्हण देवापुढे नेऊन ठेवलं.

धाकट्याने आधी उचलायचं. चैतन्य म्हणाला, "डावीकडची." रेवतीने मधली घेतली, उरली ती शिरीषची. शारदाबाईंनी देवाला हात जोडले. शिरीषने चैतन्यची गोळी फोडली. कोरी. टॅबलेटमधून शिवी ऐकू आली. रेवतीने हसत हसत आपली फोडली. कोरी. "घे, दादा, तुझीच," ती चडफडत म्हणाली. शिरीषने तिसरी फोडली. तीही कोरी.

कागदाचे तिन्ही तुकडे त्याने टेबलावर पसरले. एक मोठा, दोन लहान. तो हुशार माणूस होता. लागला नाही फार वेळ.

"लता," तो हळूच म्हणाला, "तुला वाचता येतं?"

"येतं, दादा. तुम्ही कधी विचारलं नाही."

शिरीष खुर्ची सारून उठला. "परत टाकू. मी वळतो गोळ्या."

"खबरदार!" शारदाबाई ओरडल्या. लताची कणव म्हणून नव्हे. लेकरांवर देवाचा कोप होईल म्हणून. "कौल दोनदा मागितला की वंश बुडतो. कोणाच्या वाट्याला आली नाही ना? मग ती कोणाची नाही."

एक क्षण लताला वाटलं, सुटले.

"आईचं खरं आहे," टॅबलेटमधून चैतन्य म्हणाला. आता तो अगदी शांत होता. "मला कौल मान्य. लता कोणाची नाही. पण सुपडाबाई माझी आहे ना? इथे साडेआठ झालेत. जीप काढतो, वस्तीवर जाऊन येतो. लेकीने काय केलं ते मायला सांगायला नको?" आणि पडदा काळा झाला.

शिरीष आईवर ओरडत होता, आई देवाची नावं घेत होती, रेवती दोघांना समजावत होती. लताने कप गोळा केले. रोजच करायची ती. कोणी वर बघितलं नाही. कपांखालून वाटणीचा कागदही ट्रेमध्ये गेला. ट्रे तिने सिंकमध्ये ठेवला, कागद उचलला, आणि मागच्या दाराने ती पावसात बाहेर पडली. तीन वर्षांत पहिल्यांदा एकटी. ती धावत सुटली. ज्यांनी पकडू नये म्हणून ती तीन वर्षं मान खाली घालून चालली होती, त्यांच्याच दाराशी जाऊन तिने ते दोन्ही हातांनी ढकललं.

काउंटरमागे गणवेशातली एक लालसर केसांची बाई होती. "यू ऑलराइट देअर, लव्ह?"

लताने वाटणीचा कागद आणि खिशातली चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि हाताने सरळ केली. चिठ्ठीच्या कडेला कणीक लागली होती.

"व्हॉट्स युअर नेम?" बाईने पेन उचललं.

लताने आपलं नाव सांगितलं नाही. ओल्या बोटाने तिने मोठ्या कागदावरच्या 'तीन'वर टोचलं. पूर्वाकडून उचललेलं सगळं इंग्रजी ती एका दमात गोळा करत होती.

"सुपडाबाई," ती म्हणाली. "माय मदर. नॉट मी. फर्स्ट माय मदर. मॅन गोइंग. नाऊ, प्लीज, नाऊ."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. म्हणजे तिकडे नऊ. रावेरहून वस्तीवर जायला जीपला अर्धा तास लागत असे.