कथलाची कांडी

बाबली कासाराने आयुष्यात फारशी कुणापुढे मान डोलावली नाही, आणि एकदा डोलावली ती नेमकी नको तिथे.

त्याचं असं झालं. सर्वणच्या देवळातली घंटा जत्रेत तडकली. चाळीस वर्षांपूर्वी ती बाबलीच्या बापाने ओतलेली, तीही जुन्या भांड्यांच्या मोडीतून. साहजिकच काम डिचोलीला बाबलीकडे आलं. देवळाचे प्रमुख सगुणबाब गावकर शब्दाचे पक्के, हट्टाचे त्याहून पक्के. त्यांनी अट घातली, "देवाचो धातू तो देवाचो. तेच्यात भायला कणभर पडता नये." बाहेरचा धातू नको म्हणजे नको. आणि बाबली म्हणाला, "हय, बाब."

अरे, हय काय! घंटेचं कासं म्हणजे तांबं आणि कथील. शंभरात बावीसेक भाग कथील, आणि घंटेचा गळा सगळा त्याच्यावर. दर वेळी वितळवलं की आग थोडं कथील खाते, त्याची मळी होऊन वर येते आणि आपण ती काढून टाकतो. बाबलीला हे चड्डी घालायच्या आधीपासून ठाऊक. पण एवढ्या मोठ्या माणसापुढे तोंड उघडेना. त्यात घाबरून त्याने भट्टीही नको तेवढा वेळ पेटती ठेवली. घंटा ओतली, टांगली, सगुणबाबांनी टोला दिला. थप्प! माडावरून नारळ पडावा तसा आवाज.

गावाने ठरवलं, आणखी एकदाच ओतून बघू. नाही वाजली तर बाहेरून तयार घंटा आणायची आणि ही मोड भंगारात द्यायची. बापाच्या हातची घंटा भंगारात! बाबलीला जेवण जाईना. तो म्हापशाला गेला, कथलाची कांडी घेऊन आला आणि ती सदऱ्याच्या खिशात लपवली. मुशीत धातू वितळला की गुपचूप आत सोडायची, कोणाला कळतंय?

बायकोला कळलं. सदरा धुवायला घेताना कमलाक्षीच्या हाताला कांडी लागली. "चोरून ओतलेली घंटा देवासमोर वाजवतलात?" ती म्हणाली. "आणि रोज आयकतलो कोण? तुमीच मां?" बाबलीने कांडी घेतली आणि दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात घातली.

ओतायच्या दिवशी सकाळी गाव बाबलीच्या परसात जमला. मूस भट्टीत लालभडक झाली. सगुणबाबांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तुझ्या धातूत भायला काय एक न पडता ही घंटा नादावू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

एकट्या बाबलीच्या तोंडून ते निघेना. शेजारच्यांनी वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच. बाबलीने खिशातून कांडी काढली. "सगुणबाब, ह्या घातल्याशिवाय ती वाजूची नाय. जितक्या येळा वितळवशात, तितका कथील जळता. माका पयलीच म्हायत होता. मी भियालंय, म्हणान बोलूक नाय."

सगुणबाबांचा चेहरा मुशीशी स्पर्धा करू लागला. आता कडाडणार, तोच कमलाक्षी पुढे झाली. "सगुणबाब, पेज आटली तर आमी पाणी घालतंव. म्हणान ती पेज बाटता?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सगुणबाब मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबलीसमोर हात पसरला. मग त्यांनी कांडी घेतली, तुळशीपाशी ठेवली आणि गाऱ्हाणं नव्याने घातलं. "बा देवा म्हाराजा! आगीन तुझा खाल्लां, ता आमी भरून दितंव. काय चुकला माकला आसात तर ता माझ्या माथ्यार. बाबलीच्या नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि निमित्ताला धूर होताच. सगुणबाबांनी चिमट्याने स्वतः कांडी मुशीत सोडली. बाबलीने दांड्याने ढवळलं, मळी काढली आणि वेळ न दवडता रस साच्यात ओतला.

चौथ्या दिवशी घंटा टांगली. पहिला टोला गावकराचा, हा रिवाज. सगुणबाब बाजूला सरले. "वाजव रे."

बाबलीने टोला दिला. टण्ण करून नाद उठला आणि विरायचं नावच घेईना. खालच्या शेतात वाकलेल्या बायका कंबर सरळ करून देवळाकडे बघू लागल्या. बापाच्या घंटेचा तो आवाज नव्हता. थोडा बारीक होता, पण लांब जाणारा होता. बाबलीला तो फार आवडला.

"ही परत कधी तडकली तर," नाद संपल्यावर सगुणबाब म्हणाले, "तुझ्या मागे जो ओततलो तेका सांगान ठेव. कथील घालूक आमका विचारूची गरज नाय."

"हय, बाब," बाबली म्हणाला, आणि मान डोलावली.