निळ्या कॅनमधलं पाणी

पोरगी नागपूरच्या दवाखान्यात, जवाई तिच्या उशाशी, आणि मी, उमराव, वय सहासष्ट, गोंदियात त्यांच्या भाड्याच्या घरात एका शिंपल्याची चाकरी करून राहिलो होतो. माणसाच्या नशिबी काय काय येते!

पुष्पांजलीले आठवा महिना. बीपी वाढला म्हणून डॉक्टरनं पलंगावरच ठेवलं, आणि जिवाले घोर लागन असं काही कानावर घालू नका म्हणून बजावलं. तिनं मले फोन केला. म्हणे, बाबा, माझा शिंपला पाहजा. तीन वर्षांत मी तिच्या घरात पाय ठेवला नव्हता. तिनं आमच्याच गावच्या संघदीपशी लग्न केलं. ते बौद्ध, आम्ही तलाव बांधणाऱ्या जातीचे, कोहळी. मी लग्नाले गेलो नाही आणि जवायाशी एक शब्द बोललो नाही. पण शिंपल्याशी माझं काही भांडण नव्हतं. शेजाऱ्याकडून चावी घेतली.

हा शिंपला आपल्या तलावातला नव्हे, समुद्राचा. हॉलमध्ये काचेचं टाकं, त्यात खारं पाणी, दगड, वर निळा लाइट, आणि हा तळहाताएवढा, दोन शिंपांमधून निळंजांभळं मांस बाहेर काढून बसलेला. दिवसभर काही करत नाही. माझी सावली पडली की फटकन मिटून घ्यायचा. म्हटलं, चला, या घरात मले ओळखणारा कोणी तरी निघाला. रोज दहा वाजता मी त्याचा फोटो पाठवायचो. तो पाहिल्याशिवाय पुष्पा चहाले हात लावत नव्हती.

मे महिना होता. पाणी तापू नये म्हणून टाक्यावर पंखा लावलेला, त्यानं पाणी रोज बोटभर उतरायचं. भिंतीवर जवायाच्या हातची चिठ्ठी होती: पाणी उतरलं की निळ्या कॅनमधलं साधं, फिल्टर केलेलं पाणी टाका, पांढऱ्या ड्रममधलं खारं टाकू नका. मले हसू आलं. आमच्या बापजाद्यांनी देवरीकडे तलाव बांधले, चाळीस वर्षं मी गावाच्या शेतांले पाणी सोडलं, आणि हा मले पाणी शिकवून राहिला! समुद्राच्या जीवाले साधं पाणी कोणी देते का? घाईघाईत उलटं लिहिलं असन, असं धरलं आणि रोज बोटभर खारं पाणी भरलं.

त्या घरात मी पाणी पीत नव्हतो. मी आता गोंदियाच्याच दुसऱ्या टोकाले राहत होतो; बाटली घरून न्यायचो, उभ्याउभ्या काम उरकायचो आणि कुलूप लावायचो.

सहाव्या दिवशी पाहतो तं शिंपला आ वासून पडलेला. मांस आत ओढलेलं, चिंधीसारखं. मी सावली पाडली. मिटला नाही. पुन्हा पाडली. मले भेव वाटलं, आणि खोटं कायले सांगू, ते शिंपल्यासाठी नव्हतं, पुष्पासाठी होतं. दहा वाजले होते. मी पुष्पाले कालचाच फोटो पाठवला.

मग जवायाले फोन लावला. नंबर तीन वर्षांपासून माझ्याजवळ होता, काऊन ते विचारू नका. रामराम न घालता सरळ शिंपल्याची हकीकत सांगतली. तो वॉर्डाच्या बाहेर आला, कोणतं पाणी टाकलं म्हणून विचारलं. मी खरं ते सांगतलं. चार शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

"मामाजी," तो म्हणाला, "उन्हाळ्यात तलाव आटते, तवा गाळ कुठं जाते?"

"कुठं जाईन? पाणी उडून जाते, गाळ बुडाशी राहते." हे तं आमच्या घरचं शेंबडं पोरगंही सांगन.

"मीठही तसंच राहते."

चाळीस वर्षं मी तलावाचा गाळ उपसला, आणि पांढऱ्या ड्रममधून रोज नवा गाळ ओतत होतो.

त्यानं उपाय सांगतला. टाक्यातलं गिलासभर पाणी काढायचं, कॅनमधलं गिलासभर टाकायचं, दर दहा मिनिटांनी एक. एकदम ओतलं तं धक्क्यानं मरन. दिवसभर हेच, उद्याही हेच. म्हणजे बसणं आलं. मी खुर्ची ओढली आणि त्या घरात पहिल्यांदा बसलो.

दुपारी दीडले माझी बाटली संपली. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि दहा मिनिटांत घरी जाऊन परत येणं होत नव्हतं. जीभ टाळूले चिकटली. निळी कॅन पायाजवळच होती.

आमच्या गावच्या तलावाले दोन घाट होते. वरचा आमचा. खालच्या घाटावरून संघदीपचा आजा पाणी न्यायचा. तो वर चढू नये म्हणून लक्ष ठेवणारा माझा बाप होता, आणि बापाले काठी आणून देणारा मी. पाणी एकाच तलावाचं होतं. हे मले तवाही माहीत होतं.

पुढचा गिलास शिंपल्याले टाकला. त्याच्या नंतरचा मी प्यालो. अगदी बेचव पाणी होतं. मी आणखी एक घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्याजवळ गेलो. मांस पुन्हा पसरलं होतं. माझी सावली पडली आणि तो फटकन मिटला. मले रडू आलं. शिंपल्यानं पाहिलं नाही, मिटलेलाच होता.

थोड्या वेळानं तो उघडला. ताजा फोटो पुष्पाले पाठवून मी जवायाले फोन केला.

"जवाईबापू, सावली पडली की शिंपला पुन्हा मिटून राहिला," मी म्हणालो. "पण कॅनमधलं पाणी कमी पडन वाटते."

"काऊन? मी हिशोबानं भरलं होतं."

"थोडं मी प्यालो."



"पुरते, मामाजी," तो म्हणाला. "दोघांलेही पुरते."

मी पुढचा गिलास भरला.