सुहासिनीबाईंचा आवाज, दुप्पट वेगात

"ह्यातही मी घोगरीच येतेय. दुसरा दाखवा," असं म्हणून सुहासिनीबाईंनी कानातला निळा इअरफोन काढून काचेच्या काउंटरवर ठेवला.

तपकीर गल्लीतल्या त्या चिंचोळ्या दुकानाचा मालक आमोद आता चौथं खोकं उघडत होता. त्याने मान वर केली नाही. "काकू, आवाज तुमचाच आहे ना? मग त्याला कंपनी काय करणार?"

आता हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याचाच जास्त राग येतो. बाईंनी पर्समधून स्पिरिटचा कापूस काढून इअरफोनची टोकं पुसली, कारण कानात घालून बघायचं असेल तर पुसून द्यायचं, ही आमोदची अट होती. शेजारच्या स्टुलावर तेजस्विनी बसली होती, घडी केलेली पांढरी काठी मांडीवर ठेवून. ती हसली नाही, पण हसू दाबलेलं दिसत होतंच.

तेजस्विनी लोहगावची. जन्मापासून दृष्टी नाही. घरची शेती होती, तिचे आता प्लॉट पडलेत. सदाशिव पेठेत मुलींबरोबर खोली घेऊन ती राज्यसेवेचा अभ्यास करायची, आणि तिच्यासाठी अभ्यास म्हणजे ऐकणं. पुस्तकं मोठ्याने वाचून, मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायच्या सुहासिनीबाई. निवृत्तीनंतर त्यांनी मागे लावून घेतलेलं हे काम. तेजस्विनीचा जुना इअरफोन एका कानाने गेला, तेव्हा नवा मीच घेऊन देणार, असं म्हणून बाई तिला घेऊन आल्या होत्या. स्वस्तातलाच घ्यायचा, हे मात्र पोरीने बजावलं होतं. "काकू, भारीतला घेतला तर मी वापरणारच न्हाई. हरवायच्या भीतीनं निम्मा जीव तिकडंच राहतो."

पण बाईंच्या मनात इअरफोनपेक्षा वेगळंच काही होतं.

टेलिफोन खात्यात त्यांनी ऑपरेटर म्हणून नोकरी केली. ट्रंक कॉलच्या दिवसांत नंबर लागला नाही तरी माणसं म्हणायची, "राहू द्या बाई, तुमच्याशी बोलून बरं वाटलं." रूप चारचौघींसारखं, शिक्षण बेताचं, स्वयंपाकाला सासूने मरेपर्यंत चांगलं म्हटलं नाही. कौतुक झालं ते फक्त आवाजाचं. आणि गेल्या दिवाळीनंतर गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज परत आला तो शिळ्या भाकरीसारखा. यजमानांना, दीनानाथरावांना विचारलं तर ते म्हणाले, "बरा आहे." ते आमटीलाही बरी आहे म्हणतात आणि सरकारलाही. त्यांच्या मताचं काय घेऊन बसायचं?

इतिहास आधीच वाचून झाला होता. भूगोल मात्र सगळा ऑपरेशननंतरचा. त्याबद्दल तेजस्विनीने चकार शब्द काढला नव्हता. पोरगी भिडस्त आहे, तोंडावर बोलायची नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं. परीक्षा तोंडावर आलेली. आपल्या फाटक्या आवाजापायी तिचं नुकसान नको. म्हणून आज एकेका इअरफोनमध्ये त्या आपलाच भूगोल ऐकत होत्या. एखाद्यात जरी आवाज सुसह्य वाटला, तरी अर्थशास्त्र वाचायला घ्यायचं. नाहीतर आजच सांगायचं, की बाई गं, दुसरं कुणीतरी बघ.

चौथ्यातही घोगरंच आलं. बाईंचा चेहरा उतरला.

"द्या इकडं," तेजस्विनी म्हणाली. "वापरायचा मला हाय की तुम्हाला?"

तिने चारही इअरफोन हातांनी चाचपून ओळीने मांडले, मोबाइलवर भराभरा बोटं फिरवली आणि एकेक कानात घालून तोच उतारा ऐकायला सुरुवात केली.

"ह्यात नुसता ढोल. गणपतीत बरा पडंल. ह्यात 'स' शिट्ट्या मारतोय. ह्यो कानाला गोड लागतो, पण अक्षरं एकमेकांत शिरत्यात." मग निळा कानात घालून ती जरा थांबली. "हा द्या. ह्यात 'त' न् 'थ' वेगवेगळा कळतो."

"तो सगळ्यात कमी खपतो," आमोद म्हणाला. "बास नाही, दणका नाही म्हणतात लोक त्याला."

"मला बास घेऊन काय करायचंय? मला उपनद्या पाठ करायच्यात."

एवढं काय ऐकलं हिने, म्हणून बाईंनी निळ्याची एक बाजू आपल्या कानात घातली. आत कुणीतरी तेलात मोहरी तडतडावी तसं बोलत होतं.

"हे कोण गं?"

"तुम्हीच की. दुप्पट वेगात लावलंय. साध्या वेगात ऐकत बसले तर पोर्शन पुढच्या वर्षीच्या परीक्षेला पुरा होईल."

ज्येष्ठमध चघळून बाई वाचायला बसत. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरवून वाचत. इतिहासातला एक तह वाचताना तर त्यांचा गळा दाटून आला होता. ते सगळं असं तडतडत उडून गेलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"म्हणजे माझा आवाज तू कधी ऐकलाच नाहीस."

"ऐकलाय की. आधी गोड होता, आता खरखरतो. बोलले न्हाई, म्हटलं तुम्हाला लागंल."

"लागतंच गं."

"पण काकू, ह्या वेगात समदे सारखेच. दुसरे वाचणारे तळटीप गाळत्यात. नकाशा आला की 'इथे नकाशा आहे' म्हणून पान उलटत्यात. तुम्ही तसं कधी केलं न्हाई." तिने पडद्यावर बोट फिरवलं. "नकाशे तेवढे मी साध्या वेगात ऐकते."

तडतड थांबली. कानात बाईंचा स्वतःचा, खरखरीत, सावकाश आवाज आला. 'उजवा तळहात पालथा ठेव. अंगठ्याच्या बाजूला समुद्र. त्या कडेने वरून खाली रेघ ओढ, हा सह्याद्री. आता रेघेच्या वरच्या टोकापासून निघ, उजवीकडे आणि जरासं खाली. ही गोदावरी.'

तेजस्विनीने उजवा हात काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला होता, आणि डाव्या हाताचं बोट त्यावरून चाललं होतं. आमोदने हाताच्या आड येणारी खोकी बाजूला घेतली.

कानात खोकला आला. 'थांब हं. बोट तिथेच ठेव.' मग भांडं उचलल्याचा आणि पाणी प्यायल्याचा आवाज. तेजस्विनीचं बोट गोदावरीवर थांबलं. पुन्हा खोकला आला, तरी हललं नाही.

सुहासिनीबाईंचे डोळे भरून आले. आपल्या खोकल्यासाठीही कुणी असं थांबतं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. या पोरीचे उपकार कसे मानायचे, तेच त्यांना कळेना.

"सोमवारी अर्थशास्त्र सुरू करते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हं," तेजस्विनी म्हणाली, "पण आता बोलू नका काकू. भीमा राहिलीय."