काशाची थाळी आणि अर्धी वडी साबण

थाळीनं कुत्र्याचं विष उतरवणाऱ्या अनिलकुमार महाराजांना एका कुत्र्यामागं काय सुटायचं, ते आधी मांडू. पाचशे एक रुपये, एक नारळ, मोटारसायकलचं पेट्रोल आणि दोन वेळा चहा. भांडवल म्हणजे एक काशाची थाळी, तीही माझ्याच दुकानातून घासाघीस करून नेलेली. धोका शून्य. चावणाऱ्या कुत्र्यांत पिसाळलेली थोडी, आणि उरलेल्या सगळ्या शहाण्या कुत्र्यांचं श्रेय थाळीला. इतका बिनतोट्याचा धंदा मी उभ्या जन्मात भांडी विकून पाहिला नाही.

त्या गुरुवारी सकाळी रामहरीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. रामहरी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. त्याची सात वर्षांची वैष्णवी शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी होती, तेवढ्यात कुठून तरी एक तांबडं कुत्रं आलं आणि तिच्या मनगटाला चावलं. रक्त निघालं. पोरीची आई माहेरी नातेपुत्याला गेलेली, घरात आजी बजाबाई. म्हणजे निर्णय झालेलाच होता.

"दवाखान्यात ने," मी म्हणालो. "समोरच्या कोपऱ्यावर तर आहे."

"नेतो की शेट. पन आदी थाळी," रामहरी म्हणाला. "सुई घेतली की मग थाळी बसत न्हाय म्हनं."

"कोण म्हणतं?"

"महाराजच."

मी शेजारच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात परतलो.

महाराज मोटारसायकलवरून उतरले तेव्हा कोपऱ्यावर थोडा आरडाओरडा झाला. पोरांनी दगड मारले, तेच तांबडं कुत्रं पळालं. महाराज रामहरीकडं न जाता तडक माझ्या दुकानात शिरले. चेहरा जरा उतरलेला.

"शेट, मागचा नळ चालू आहे का? आणि एक साबण द्या. नवा."

त्यांनी मागचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आमच्या गावात माझी अर्धी टाकी खाली झाली, तरी नळ काही बंद होईना.

"न्हाताय का काय वो महाराज?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"गप रं," बजाबाई म्हणाली. "सोवळं हाय त्येंचं. लई कडक."

महाराज बाहेर आले. वडी निम्मी झालेली. साबणाचे पैसे दिले नाहीत, ते मी सोवळ्यात धरले.

मग थाळी. वैष्णवीला पाटावर बसवलं, गुडघे पोटाशी, मान खाली, पाठ उघडी. महाराजांनी ओल्या हातानं पाठ पुसली, थाळी पाठीवर टेकवून दाबली आणि हात सोडला. थाळी चिकटली! सबंध गल्लीनं एकदम श्वास घेतला. महाराज थाळीवर वाळू मारू लागले.

"ओढ गं माये, ओढ! काळ्याचं ओढ, तांबड्याचं ओढ, शेपटीवाल्याचं ओढ, बिनशेपटीचं ओढ! साखळीतलं ओढ, गल्लीतलं ओढ!"

म्हणजे सोलापुरातलं एकही कुत्रं सुटलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "पोरी, आता मोठा श्वास घे. नीट सरळ बस." पोर सरळ बसली. थाळी खणकन पडली.

"उतरलं!"

बायकांनी हात जोडले. महाराजांनी जखमेत मिरचीची पूड आणि चुना भरला. वैष्णवी किंचाळली.

"ती ओरडत नाही," महाराजांनी समजावलं, "विष ओरडतंय. आता ऐका. जखमेला पाण्याचा थेंब लावायचा नाही. सुईचं तर नाव नको. सुई टोचली की उतरलेलं विष पुन्हा चढतं."

पाचशे एक घेतले, नारळ घेतला आणि चहा न घेता निघाले. महाराजांनी चहा सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढं तासाभरानं माझ्या अंगठ्याला डब्याच्या पत्र्याचा काठ लागला आणि बोट चांगलंच कापलं. फडकं दाबून मी कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथं आधी नंबर लावायला लागत नाही. खिडकीशी नाव आणि काय झालंय ते सांगायचं, बसायचं. आधी आलेला आधी असंही नाही, ज्याला जास्त झालंय तो आधी. माझ्या अंगठ्याला बाकड्यावर बसवलं. पडद्याआडून ओळखीचा आवाज आला.

"...साबण लावून वाहत्या नळाखाली धुतलंय, डॉक्टर. चांगली पंधरा मिनिटं. वर काही लावलं नाही, बांधलंही नाही. आणि मागच्या वेळी सुया घेतल्या होत्या, त्याचा हा कागद."

"व्वा," डॉक्टर सबिहा म्हणाल्या. "असा पेशंट वर्षातनं एखादा येतो. कुठं शिकलात हो?"

"अनुभव," आवाज म्हणाला.

"हेच कुत्रं आणखी कुणाला चावलं?"

"नाही."

मी अंगठा वर धरून आत गेलो. अनिलकुमार महाराज पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून स्टुलावर बसलेले. पोटरीवर दातांच्या चार ताज्या खुणा, स्वच्छ धुतलेल्या. माझा साबण कुठं गेला ते कळलं.

"चावलं की," मी म्हणालो. "सात वर्षांच्या पोरीला. महाराजांनीच तिच्या जखमेत मिरची भरलीय, आणि पाणी नको, सुई नको म्हणालेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. महाराजांकडं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तिला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टर बोलावतायत म्हटलं असतं तर रामहरी आला नसता. म्हणून मी फोनवर खरं तेच सांगितलं, "महाराज दवाखान्यात बसलेत. पोरीला घेऊन ये." पाच मिनिटांत तिघंही हजर.

"महाराज, तुमी हितं?" बजाबाईनं विचारलं.

"डॉक्टरांना आशीर्वाद द्यायला आलो होतो."

"पॅन्ट वर करून?" डॉक्टर म्हणाल्या. "आजी, ह्यांना तेच कुत्रं चावलंय. ह्यांनी धुतलं आणि सुई घ्यायला आले. नातीला मात्र दोन्हीची बंदी."

बजाबाईनं पोटरी बघितली. पण एवढ्यानं हार मानणारी बाई ती नव्हे. "आसंल. पन थाळी चिकटली की वो! म्या ह्या डोळ्यांनी बघितली."

"थाळी काढा," डॉक्टर महाराजांना म्हणाल्या. मला म्हणाल्या, "शर्ट काढा. वाका."

मी वाकलो. त्यांनी ओल्या कापसानं पाठ पुसली आणि थाळी दाबली. चिकटली.

"मला कुत्रं चावलेलं नाही," मी फरशीकडं बघत म्हणालो. "पत्रा चावलाय."

"पत्र्याचं बी इख आसंल," बजाबाई म्हणाली. "रामहरी, काड सदरा. तुला कायच चावलं न्हाय न्हवं?"

"न्हाय गं आई."

"वाक."

तिनं माझ्या पाठीवरची थाळी ओढून काढली, स्वतःच्या हातानं लेकाची पाठ ओली केली, स्वतःच थाळी दाबली आणि हात सोडला. चिकटली. मग तिनं बारीक आवाजात हुकूम सोडला, "आता सरळ बस." थाळी खणकन पडली.

"पाठ ओली आणि वाकलेली," डॉक्टर म्हणाल्या, "थाळी मधे खोलगट. दाबली की आतली हवा निघते, बाहेरची हवा तिला धरून ठेवते. सरळ बसलं की कातडी हलते, कडेनं हवा शिरते. थाळी चिकटायला कुत्रं लागतच नाही, आजी."

तोवर नर्सनं वैष्णवीचा हात नळाखाली धरला होता. मिरची निघता निघेना. पोर रडत होती आणि या खेपेला कुणी विषाचं नाव घेतलं नाही.

"वाचंल न्हवं?" रामहरीनं विचारलं.

"आजच आणलीत, म्हणून हो म्हणते. हा रोग एकदा उठला की माझ्याकडं काही नाही, कुणाकडंच नाही. जे काही आहे ते उठायच्या आधी. पहिली सुई इथं देते. रक्त निघालंय म्हणून जखमेत आणखी एक औषध टोचायला लागतं, ते मोठ्या दवाखान्यात. चिठ्ठी देते, इथनं थेट तिकडं. आणि पुढच्या सगळ्या तारखा पाळायच्या. जखम भरली म्हणून एकही सोडायची नाही."

माझ्या अंगठ्याला टाका घालताना त्या पुटपुटत होत्या. "ताप, मुरगळणं, कापणं, चावणं, ह्याला इथं या. तर लोक मोठ्या दवाखान्याच्या दारात दिवस काढतात. आणि छातीत कळ आली, दम लागला, माणूस बेशुद्ध पडला, की तिकडं जायचं सोडून माझ्याकडं पित्ताची गोळी मागतात. त्याला एकशे आठला फोन करायचा की!"

दोन दिवसांनी ते तांबडं कुत्रं नाल्यापाशी मेलेलं सापडलं. तोंडाला फेस. गल्लीतले काही जण म्हणाले, थाळीचा प्रताप, कुत्र्यालाच बाधली. बजाबाईनं त्यांना घरी बोलावून थाळी चिकटवून दाखवली. थाळी आता तिच्याकडंच असते. पाचशे एक परत मिळेपर्यंत ठेवते म्हणाली, आणि महाराज काही फिरकले नाहीत. तिच्यात ती पिठलं वाढते.

माझं म्हणणं एवढंच. महाराजांचं ऐकू नका, महाराज करतात तसं करा. कुत्रं चावलं की साबण, वाहतं पाणी, त्याच दिवशी दवाखाना. एवढी साधी गोष्ट त्या सबंध गर्दीत एकट्या त्यांनाच पुरती माहीत होती, आणि ती त्यांनी मागचं दार लावून केली.

आता शेवटचा हिशेब. माझी अर्धी वडी साबण आणि अर्धी टाकी पाणी. रामहरीचे पाचशे एक आणि एका पाळीची मजुरी. दवाखान्याचं बिल कुणालाच नाही. महाराजांच्या सुया महापालिकेच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. राहिली ती चिमूटभर मिरची. तिची किंमत वैष्णवीनं एकटीनं भरली.